कडू लागलं तर हात वर

जालिंदरच्या दाढीला कतारमध्ये अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत तिच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. वाळूचं वादळ सुटलं की वाळू आधी दाढीशी झुंजायची, मग उरलीसुरली नाकाकडे वळायची. मेसमधलं वरण सांडलं तर शर्टाच्या आधी तीच पुढे व्हायची. काळीभोर, दाट, कडेला जरा तांबूस. पाऊस पडून गेल्यावर बांधावर गवत माजतं तशी.

एका रविवारी सकाळी कंपनीनं त्याला बोलावून एक कागद हातात दिला. येत्या शटडाऊनला पाइप फिटरांच्या आठ जणांच्या टोळीचा फोरमन तू. निळं हेल्मेट उतरव, पांढरं घाल. जालिंदरनं कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना तळाची बारीक ओळ दिसली. फोरमनकडे मास्कचं कार्ड पाहिजे, आणि मास्कच्या कडेखाली दाढीचा एक खुंटसुद्धा चालणार नाही.

गॅसचा प्लांट काही वर्षांनी एकदा महिनाभर बंद ठेवतात, त्याची आतडी उघडतात, धुतात, पुसतात, परत जागच्या जागी बसवतात. त्याला म्हणायचं शटडाऊन. बंद पायपात कुठं गॅस दडून बसला असेल सांगता येत नाही, म्हणून मास्क. आणि तो मास्क तोंडावर नीट बसतो की नाही, याची परीक्षा पास झाल्यावर कार्ड. परीक्षेला तीन संधी. तिन्ही हुकल्या की सहा महिने नाव काढायचं नाही. शटडाऊन तर महिन्यावर आला होता. म्हणजे कार्ड नाही तर पांढरं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि जालिंदर पुन्हा वेस्ट बेमधल्या टॉवरांच्या पाण्याच्या पायपांखाली उताणा.

हे सगळं घरी सांगण्याआधी परीक्षा उरकून घ्यावी, एवढा पोच त्याला होता. पण आनंद हा उतू जाणाऱ्या दुधासारखा असतो, त्याला झाकण चालत नाही. त्यानं संध्याकाळी शालूला फोन केला. शालूनं भावाला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेव्हण्यानं, म्हणजे किसननं, गावच्या स्टँडवर फ्लेक्स उभा केला. ‘कतार देशाच्या गॅस प्लांटच्या फोरमनपदी निवड झाल्याबद्दल आमच्या दाजींचं हार्दिक अभिनंदन.’ मध्ये दाढीसकट जालिंदर, डोळ्यांवर काळा गॉगल. खाली अकरा शुभेच्छुक, आणि त्यात किसनचा फोटो जालिंदरच्या फोटोहून बोटभर मोठा.

आता माघार नव्हती.

कामगारांच्या कॅम्पजवळ, बरवा अल बराहाच्या बाजारात, फैसलचं सलून आहे. फैसल मुलतानचा. कात्री हातात घेतली की नमाजाला उभा राहिल्यासारखा गंभीर होतो. त्यानं जालिंदरच्या दाढीतून एकदा फणी फिरवली आणि थांबला.

“भाईजान, सोच लो.”

“सोच लिया.”

“घरवाली से पूछा?”

“घरवाली उधर है, दाढी इधर है.”

“गलत,” फैसल म्हणाला. “दाढी उधर भी है.”

हे वाक्य जालिंदरला जरा उशिरा कळलं. तोवर निम्मी दाढी मांडीवर आली होती. फैसलनं खुर्ची आरशाकडे पाठ करून फिरवली होती. काम झाल्यावर टॉवेल झटकून त्यानं ती हळूच परत वळवली आणि स्वतः दुसरीकडे बघत उभा राहिला.

आरशात दोन माणसं होती. नाकापासून वरचा माणूस अकरा वर्षं उन्हात भाजलेला, करपल्या भाकरीच्या रंगाचा. नाकाखालचा मात्र ज्वारीच्या पिठासारखा पांढुरका, नुकताच दळून आणलेला. मध्ये सरळ रेघ, पट्टीनं आखल्यागत. आणि सगळ्यात खाली, जिथं भारदस्त काहीतरी असेल असं आजवर सगळे धरून चालले होते, तिथं आवळ्याएवढी हनुवटी.

दुसरा कुणी असता तर खचला असता. पण जालिंदर मुळातच चौकस. नवा व्हॉल्व्ह हाती आला तरी तो आधी फिरवायचा, हुंगायचा, कानाला लावायचा, मगच बसवायचा. त्यानं हनुवटीला बोट लावलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. चिमटीत धरून जरा हलवली.

“ही माझीच का?” त्यानं मराठीतच विचारलं.

फैसलला प्रश्न कळला असावा. तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “अल्ला की देन है.”

कॅम्पच्या गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र होतं. त्यासमोर उभं राहायचं, ते ‘ठिंग’ म्हणणार, फाटक उघडणार. जालिंदर उभा राहिला. यंत्रानं लाल डोळा केला. तो एक पाऊल मागं आला, हसला, गंभीर झाला, मान तिरकी केली. लालच. वॉचमन म्हणाला, ऑफिसात जाऊन नवा फोटो दे. ऑफिस कुठं? आत. आत कसं जायचं? यंत्रानं ओळखलं की. वॉचमनचं यात काही चुकत नव्हतं, हे या प्रकरणातलं सगळ्यात मोठं दुःख होतं.

शेवटी खोलीतला सोबती रामेश्वर गेटवर आला. रामेश्वर परभणीचा, त्याच आठ जणांच्या टोळीतला फिटर, आणि मास्कचं कार्ड वर्षापूर्वीच खिशात घातलेला. त्यामुळे दाढी, त्वचा, मास्क आणि एकूणच मानवी चेहरा या विषयांवरचा त्याचा अधिकार कॅम्पात कुणी नाकारत नसे. त्यानं जालिंदरकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, आणि खिशातून काळा मोजा काढून जालिंदरच्या तोंडावर खालून ताणून धरला.

“धुतलेला हाय का रं?” जालिंदर मोज्याआडून म्हणाला.

“तुला आत जायचंय का वास घ्यायचाय?”

‘ठिंग,’ यंत्र म्हणालं. फाटक उघडलं. नवा फोटो मंजूर होईपर्यंत पुढचे चार दिवस जालिंदर आपल्याच कॅम्पात मोजा लावून चोरासारखा शिरत होता.

शालूला व्हिडिओवर तोंड दाखवायचं त्यानं टाळलं. “नेट वढत न्हाई,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी, “कॅमेऱ्यावर वाळू बसलीया.” तिसऱ्या दिवशी शालूचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. जात्यावर बसल्यागत संथ लावलेला सूर, शेवटाला हसू दाबलेलं:

“काळ्या रानाच्या आडून, काय पेरलंय दिसंना,
बारा वर्सांचा संसार, धनी तोंड काय दावंना.”

जालिंदरनं ते सहा वेळा ऐकलं. सातव्यांदा रामेश्वरनं ऐकलं आणि म्हणाला, “वहिनीला कळलंय गड्या. किसननं कळवलं असंल.” किसनला कसं कळलं, हे मात्र कुणालाच सांगता येईना. काही माणसांना बातम्या वाऱ्यानंच येतात.

आता दाढी काढली म्हणून संपत नाही, खरं दुखणं तिथून सुरू होतं. दाढी रोज परत येते. कार्डाची परीक्षा ज्या दिवशी असेल त्या दिवशी गाल लोण्यासारखा हवा, आणि पुढे शटडाऊनभर रोज तसाच. अकरा वर्षं सावलीत वाढलेल्या त्या कातडीवर जालिंदरनं रोज ब्लेड ओढायला सुरुवात केली, तीही वेल्डिंगचा मळ काढावा तशी खालून वर, दाबून. चौथ्या दिवशी गळ्यावर लाल पुरळ उठलं. पाचव्या दिवशी ते ज्वारीच्या कणसासारखं भरलं.

मग सल्ले आले. सल्ल्याला व्हिसा लागत नाही. पलीकडच्या खोलीतला सुतार म्हणाला, टूथपेस्ट लाव, गार पडतं. गार पडलं, मग पेटलं. मेसचा मल्याळी आचारी म्हणाला, खोबरेल. खोबरेल लावून जालिंदर सकाळच्या बसमध्ये बसला, आणि सूर्य वर आल्यावर त्याच्या गालांवरून एवढी उन्हाची तिरीप फाकली की ड्रायव्हरनं आरसा वळवला. रामेश्वरनं तुरटीचा खडा दिला. तुरटी लावल्यावर तोंड असं आवळलं की दिवसभर जालिंदरचं हसणं फक्त डोळ्यांतून होत होतं. फोरमन होणाऱ्या माणसाला ते बरंच शोभलं.

शुक्रवारी तो मोठ्या दुकानात गेला. दुकानात पुरुषांच्या चेहऱ्यासाठी एक अख्खी गल्ली होती. गल्ली! जालिंदर तोंडात बोट घालून उभा राहिला. त्याच्या माहितीत पुरुषाला एक साबण असतो, तो डोक्यापासून पायापर्यंत चालतो आणि वेळ पडली तर बनियनही धुतो. इथं कपाळाचं वेगळं, डोळ्याखालचं वेगळं. एका बाटलीत कोळसा होता. आयुष्यभर तोंडावरचा कोळसा धुवायला साबण लावला, आणि आता कोळशानं तोंड धुवायचं! एका डबीत ज्वालामुखीची राख होती. एका रेझरला पाच पाती होती. त्याला पाच फाळांचा नांगर आठवला आणि आपल्या गळ्याची काळजी वाटली. पण उत्सुकता भीतीहून मोठी. तो एकेक बाटली उचलून उन्हात धरल्यासारखी दिव्याकडे धरून बघत गेला. हुंगता येईल ते हुंगलं. अर्धा तास गेला. जत्रेत हरवलेल्या माणसाच्या तोंडावर असतं तसं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

“युवर स्किन टाइप, सर?” काउंटरवरची मुलगी जवळ आली. छातीवर नावाची पट्टी, मरियम.

“पाइप फिटर,” जालिंदर म्हणाला.

मरियम हसली नाही, ही तिची थोरवी. तिनं स्वतःच्या गालाला बोट लावून हिंदीत समजावलं. ड्राय? ऑयली? मिक्स? जालिंदरनं विचार केला. नाकापासून वरची कातडी बूट करायच्या लायकीची, खालची तान्ह्या पोराची.

“दोन आदमी का है,” तो म्हणाला.

मरियमनं त्याच्या गळ्यावरचं पुरळ बघितलं, चक् केलं, आणि एक जेल, एक फोम आणि एक पांढरं घट्ट बाम दिलं. दाढीनंतर लावायचं. किती लावायचं, ते तिनं करंगळीचं टोक दाखवून सांगितलं. पण करंगळीही कुणाची, हे बघायला हवं. जालिंदरची करंगळी म्हणजे मरियमचा अंगठा.

पहिली परीक्षा सोमवारी होती. वेस्ट बेमधल्या टॉवरात, अठराव्या मजल्यावर, सेफ्टीच्या खोलीत. परीक्षा घेणाऱ्या उल्का मॅडम. नाशिकच्या, पण ऑफिसात मराठी लॉकरमध्ये ठेवून येणाऱ्या. सगळ्यांशी सारखं इंग्रजी, नाहीतर सारखं हिंदी. कुणाला आपलं म्हटलं की बाकीचे परके होतात, असं त्यांचं मत.

परीक्षा सोपी होती. डोक्यावर एक पारदर्शक टोपडं घालायचं, पुढे भोक असलेलं. आधी मास्क न लावता त्या भोकातून मॅडम एक कडू फवारा सोडणार. कडू लागलं की हात वर. म्हणजे जीभ जागी आहे हे कळलं. मग मास्क लावायचा आणि पुन्हा टोपडं, पुन्हा फवारा. मास्क नीट बसला असेल तर काहीच लागणार नाही. कडू लागलं तर मास्क गळतो.

“कडवा लगे तो हाथ ऊपर,” मॅडम म्हणाल्या. “बस इतना ही.”

जीभ जागी निघाली. मास्क चढवला. पण गालांवर अर्धी डबी बाम होतं. मान डावीकडे वळवायला सांगितली तेव्हा मास्क जागेवरच राहिला आणि त्याच्या आत जालिंदर वळला. जिभेवर कारल्याचा रस उतरला. हात वर.

“मुंह पे क्या लगाया है?”

“क्रीम, मॅडम. दाढी के बाद का.”

“टेस्ट के दिन कुछ नहीं लगाना. पानी भी सोच के.” मॅडमनी कळ दाबली. नापास, एक.

दुसरी परीक्षा गुरुवारी होती. बाम बंद, तर पुरळ पेटलं. बुधवारी संध्याकाळी रामेश्वर म्हणाला, “आरं, आपण एवढे येडे कसे? कडुनिंब!”

कॅम्पबाहेरच्या रस्त्याला कडुनिंबाची रांग होती. वाळवंटात येऊन उभी राहिलेली, आपल्याच माणसांसारखी धुळीनं माखलेली, पण सावली द्यायचं न विसरलेली. रामेश्वरनं उडी मारून एक फांदी खाली ओढली. तेवढ्यात पाण्याची नळी हातात घेतलेला माळी धावत आला.

“बलदिया का पेड है! परमिशन है?”

बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. दोन मूठ पाल्यासाठी नगरपालिकेत अर्ज कोणत्या खिडकीवर करायचा, यावर तिथंच फुटपाथवर चर्चा झाली. माळ्याचं म्हणणं, अर्ज अरबीत लागेल. रामेश्वरचं म्हणणं, परभणीला झाड स्वतःहून पाला देतं. शेवटी जालिंदरनं गळा वर करून पुरळ दाखवलं. माळ्यानं ते बघितलं, नळी बाजूला ठेवली आणि म्हणाला, “तोडना मना है. गिरा हुआ ले लो.” आणि झाडाकडे पाठ करून त्यानं फांदीला खांद्यानं जरा जोरात धक्का दिला.

पाला मेसच्या मिक्सरमध्ये वाटला. आचारी बाहेर गेला होता. मिक्सर धुतला, असं रामेश्वरचं आजही म्हणणं आहे. पण दुसऱ्या दिवशीची खोबऱ्याची चटणी चाळीस माणसांनी पहिल्या घासाला तोंडात धरून ठेवली. कुणाला गिळवेना, कुणाला थुंकवेना. आचाऱ्यानं चौकशी बसवली ती अजून उठलेली नाही.

लेप मात्र गुणाचा निघाला. रात्रीत पुरळ निम्मं बसलं. सकाळी जालिंदरनं चार वेळा तोंड धुतलं, अगदी बेतानं दाढी केली, काही म्हणून लावलं नाही आणि ताठ मानेनं अठराव्या मजल्यावर गेला. टोपडं घातलं. अजून मास्क नाही, नुसती जिभेची तपासणी. मॅडम फवारा भरत होत्या. जालिंदरनं हात वर केला.

“अभी मारा नहीं,” मॅडम म्हणाल्या.

“कडवा लग रहा है.”

“अभी खोला भी नहीं!”

“तो भी लग रहा है, मॅडम.”

मॅडमनी फवारा खाली ठेवला. पुढे वाकून त्यांनी टोपड्याच्या भोकातून वास घेतला. आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मराठी उघडली.

“कडुनिंब लावलात?”

“व्हय मॅडम. रातच्याला. चार येळा धुतलं.”

“ओठांनासुद्धा?”

“रामेश्वर म्हनला, कडंला कशाला सोडायचं.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण कॉम्प्युटरवर परीक्षा उघडली होती. तिथं दोनच चौकटी, पास आणि फेल. ‘कडुनिंब’ अशी चौकट जगातल्या कुठल्याच सेफ्टीवाल्याला सुचलेली नव्हती. उघडलेली परीक्षा एका तरी चौकटीवर टिचकी मारल्याशिवाय बंदही होत नव्हती. दोघांनी मिळून पाच मिनिटं शोधलं. मग मॅडमनी मान वळवून कळ दाबली. नापास, दोन.

“आता एकच,” त्या म्हणाल्या. “पुढच्या बुधवारी. ऐका माझं. काहीही लावू नका. कुणाचंही ऐकू नका.”

“तुमचं पन?”

“माझं ऐका!”

त्या सहा दिवसांत जालिंदर आपल्या चेहऱ्याकडे शांतपणे बघायला शिकला. सल्ला मागायला तो फैसलकडे गेला होता. फैसलनं काही विकलं नाही, काही लावलं नाही. त्याचं बोट धरून त्याच्याच गालावरून फिरवलं. “जिधर बाल जाता है, उधर जाओ. उस से झगडा मत करो.”

आणि जालिंदरला एक नवाच मुलूख सापडला. डाव्या गालावरचे केस खाली जात होते, उजव्या गालावरचे जरा मागे, कानाकडे. गळ्यावरचे चक्क वर चढत होते. कानाखाली, जबड्याच्या वळणावर, एक भोवरा होता, ओढ्यात पाणी दगडाला वळसा घालून फिरतं तसा. रानाचा उतार बघून पाणी सोडणारा माणूस तो, पण अकरा वर्षं ज्या रानाचा धनी होता त्याचा उतार त्याला ठाऊक नव्हता. गरम पाण्याचा फडका ठेवायचा, एका पात्याचं रेझर, दाबायचं नाही, वाहत्या पाण्यासोबत जावं तसं जायचं. बोटांनी वाचत जायचं. रोज काहीतरी नवं सापडायचं. एकदा हनुवटीखाली एक तीळ सापडला. एवढी वर्षं तो तिथं कुणाची वाट बघत बसला होता कोण जाणे. पुरळ आपसूक मावळलं.

मंगळवारी संध्याकाळी रामेश्वर त्याच्या पलंगावर येऊन बसला. आवाज खाली आणला.

“उद्या हात वर करू नको.”

“कडू लागलं तर?”

“लागलं तरी. आरं, मॅडमला काय कळतंय तुझ्या जिभेवर काय हाय ते? गिळायचं. म्या गिळलं की.”

जालिंदर त्याच्याकडे वळला. “तुला लागलं हुतं?”

“थोडंसं,” रामेश्वर छताकडे बघत म्हणाला. “सगळ्यांलाच थोडंसं लागतंय.”

बुधवारी मॅडमनी टोपडं पुढे केलं. जीभ जागी होती. मास्क बसला. फवारा सुटला. साधा श्वास घ्या. काही नाही. खोल श्वास घ्या. काही नाही. मान डावीकडे, उजवीकडे. वर, खाली. काही नाही! जालिंदरच्या छातीत पांढरं हेल्मेट हलायला लागलं.

“आता मिनिटभर बोला,” मॅडम म्हणाल्या. “तोंड हललं पाहिजे. काहीही बोला.”

“काय बोलू?”

“दाढी कशी केलीत ते सांगा.”

आणि जालिंदर मास्कच्या आतून, विहिरीतून यावा तशा आवाजात सांगायला लागला. डाव्या गालावरचं पाणी कुठं वाहतं, उजव्यावरचं कुठं, गळ्यावर ते उलटं कसं चढतं, कानाखाली भोवरा कसा आहे आणि त्याच्याशी भांडायचं कसं नाही. मॅडम हसत फवारा मारत होत्या. तो तिळापर्यंत आला, आणि जिभेच्या मागच्या कडेला काहीतरी टेकलं.

अगदी बारीक. मोहरीएवढं. जालिंदर बोलत राहिला. कदाचित भास असेल. पुन्हा टेकलं. कडू.

मॅडमच्या डोळ्यांत हसू होतं, त्यांना काहीच कळलं नव्हतं. पंधरा सेकंद उरले होते. गिळायचं. एवढंच. गावच्या स्टँडवर अकरा शुभेच्छुक उभे होते. आणि जालिंदरला तो गॅस आठवला, ज्याच्याबद्दल सेफ्टीच्या पहिल्याच वर्गात सांगितलं होतं. त्याचा आधी सडक्या अंड्यासारखा घाण वास येतो. मग येईनासा होतो. वास संपला म्हणून माणूस सुटकेचा श्वास घेतो, पण संपलेलं असतं ते त्याचं नाक. त्याच्या मागे आठ माणसं असणार. फोरमन आत चालला की तीही आत चालणार.

त्यानं हात वर केला.

फवारा थांबला. मॅडमनी टोपडं काढलं, मास्क उतरवला.

“तिसऱ्या वेळेला,” त्या म्हणाल्या, “इथं आजवर एकाचाही हात वर गेलेला नाही. तिसऱ्या वेळेला सगळ्यांची जीभ मरते. तुम्ही का केलात?”

“लागलं, मॅडम. बोलताना. हितनं,” त्यानं हनुवटीला बोट लावलं. “ही खाली जाती आन् मास्क हितंच ऱ्हातो.”

मॅडम खुर्चीतून उठल्या. जवळ येऊन त्यांनी त्याच्या हनुवटीकडे अशा कुतूहलानं बघितलं, जशा कुतूहलानं त्यानं स्वतः त्या पहिल्या दिवशी फैसलच्या आरशात बघितलं होतं. मग मास्क उलटा करून आतलं अक्षर वाचलं.

“तुम्हाला हा मीडियम कुणी दिला?”

“स्टोअरनं. समद्यास्नी ह्योच देत्यात. खोक्यानं येतोय.”

मॅडमनी कपाट उघडलं. खालच्या फळीवरून एक मास्क काढला. “हा स्मॉल. माझा हाच आहे. प्लांटवर बायका यायला लागल्या म्हणून मागवले होते.” त्या टेबलावरची जाडजूड नियमांची फाइल चाळत होत्या. एका पानावर बोट थांबलं. “साइज बदलली तर परीक्षा तीच चालू राहते. लिहिलेलं आहे. कुणी वाचत नाही, एवढंच. घालता?”

सहा फुटांच्या जालिंदरनं त्या मास्ककडे बघितलं. एवढी वर्षं तो एक्स्ट्रा लार्जच्या डांगरीत वावरला होता. फोम, जेल, बाम, पाला, मोजा, सगळं चेहऱ्यानं सोसलं. आणि चूक चेहऱ्याची नव्हतीच. त्यानं स्मॉल घातला.

बसला. वासरू गाईला लागावं तसा बसला. फवारा सुटला. श्वास, मान, वर, खाली. “बोला,” मॅडम म्हणाल्या, आणि तो तिळापासून पुढे सुरू झाला आणि मिनिट संपून गेलं तरी बोलतच राहिला. तोंडात काही लागत नव्हतं. काहीच न लागण्याची चव एवढी गोड असते, हे त्याला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं शालूला व्हिडिओ लावला. तिनं फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

“अवो,” ती म्हणाली, “एवढीशी हनुवटी घेऊन एवढा रुबाब करत हुता व्हय आजवर?”

“कार्डावर स्मॉल लिवलंय,” तो म्हणाला. एकदाचं सांगून टाकलं.

“मग लिवू द्या की. असली कुनाला हाय?” आणि पदर तोंडाला लावून तिकडं वळली. हसत होती की काय, ते तिचं तिला ठाऊक.

शटडाऊनच्या पहिल्या दिवशी सकाळचं ऊन पायपांवरून घरंगळत होतं. प्लांटच्या आतल्या गेटसमोर आठ माणसं ओळीत उभी होती, गळ्यात मास्क. जालिंदरच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट होतं. फोरमननं पहिल्या दिवशी दोन शब्द बोलायचे असतात. त्यानं हात मागे बांधले, मग सोडले.

“माझा मास्क स्मॉल हाय,” तो म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं. “हसा. मला तीन येळा कडू लागलं. आता लागत न्हाई. आत जायच्या आदी एकच इचारतो, आन् कुनाचं नाव लिवून घेनार न्हाई. टेस्टच्या येळी कुनाकुनाला लागलं हुतं?”

कुठंतरी वाफ सुटल्याचा आवाज आला. ओळीच्या टोकाला एक हात खांद्यापर्यंत आला. मग मधून एक. रामेश्वरनं कान खाजवायला म्हणून हात उचलला, तो हात कानाशी जरा घुटमळला, आणि सरळ वर गेला.

जालिंदरनं फोन लावला. “मॅडम, कपाटात स्मॉल किती हायती?”

“का? किती हवेत?”

“तीन,” तो म्हणाला, आणि ओळीकडे वळला. “न्हाई, चार… थांबा मॅडम. अजून वर येत्यात.”